'ब्लेड ऑफ द रोनिन' दहा वर्षांनी पुन्हा ऐकताना: समीक्षकांनी अल्बम ऐकला की आठवण?

रात्रपाळी

गेला आठवडाभर रात्री काम करताना कॅनिबल ऑक्सचा 'ब्लेड ऑफ द रोनिन' सलग ऐकतोय. एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले दोन रॅपर, व्हास्ट एअर आणि व्हॉर्डल मेगा. २००१ साली त्यांचा 'द कोल्ड व्हेन' आला. लेबल डेफिनिटिव्ह जक्स, आणि बीट्स, म्हणजे शब्दांमागचं संगीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एल-पी या एकट्या रॅपर-प्रोड्यूसरचे. अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरच्या हिप-हॉपबद्दल चार माणसं बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला त्या अल्बमचं नाव निघतंच. त्यानंतर या जोडीचा पुढचा पूर्ण अल्बम यायला २०१५ चा मार्च उजाडला. मधे चौदा वर्षं गेली. एल-पी त्यात नाही. बहुतेक बीट्स बिल कॉस्मिकचे आहेत.

प्रतिसाद संमिश्र होता. कुणाला बरा वाटला, कुणी नाक मुरडलं. तेव्हा वाचलेली परीक्षणं आठवून बघतोय, तर जवळपास प्रत्येकाच्या पहिल्याच परिच्छेदात 'द कोल्ड व्हेन' आणि दुसऱ्यात एल-पी. नव्या गाण्यांपर्यंत पोचेस्तोवर निम्मा मजकूर संपलेला. माझं प्रामाणिक मत असं की लोकांनी या अल्बममध्ये काय नाही त्याचं परीक्षण लिहिलं. काय आहे त्याचं फारच थोड्यांनी.

तुम्हाला काय वाटतं? तो 'संमिश्र' शिक्का योग्य होता का?

जुनीकॅसेट

विषय आवडीचा आहे, पण असहमत.

एल-पी नसणं हा मुद्दा समीक्षकांनी उगाच उकरून काढलेला नव्हता. 'द कोल्ड व्हेन'मध्ये बीट मागे वाजत राहून शब्दांना जागा करून देत नाही, तो शब्दांच्या अंगावर येतो. सिंथचा एखादा सूर मधेच वाकतो, ड्रम अडखळल्यासारखा पडतो, आणि व्हास्ट त्या अडखळण्याच्या फटीत आपली ओळ ठेवतो. ती त्या तिघांची मिळून झालेली भाषा होती. तिघांतला एक गेला तर भाषा बदलणारच, आणि बदललेली भाषा कच्ची वाटली तर ऐकणारा तसं बोलणारच. माझ्या कानाला 'रोनिन'चे बरेच बीट नुसते मोठे वाटले. तुतारीसारखे हॉर्न, भरगच्च तंतुवाद्यं, सगळं एकदम. श्वास घ्यायला जागाच नाही.

आणि पाहुणे किती! वू-टँग या रॅप गटाचा यू-गॉड, आर्टिफॅक्ट्स, एल्झाय, डूम, सगळे नावाजलेले रॅपर. यादी वाचताना छान वाटतं. ऐकताना मात्र ज्या दोघांसाठी चौदा वर्षं थांबलो ते दोघंच हरवतात.

तिसरीघंटा

जुनीकॅसेट आणि रात्रपाळी एकाच धाग्यावर आले! मी चहा टाकून येतो, तोवर भांडण संपवू नका.

मुक्ता क

मी २००१-०२ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला होते, त्यामुळे 'द कोल्ड व्हेन'बद्दल मी तटस्थ राहूच शकत नाही, हे आधीच सांगते.

१२५व्या रस्त्यापाशी एक नंबरची गाडी जमिनीखालून बाहेर येते आणि उंच लोखंडी पुलावर थांबते. हिवाळ्यात त्या पुलाखालून जाताना माझ्या खिशात डिस्कमन असायचा. वर गाडी आली की सगळं लोखंड थरथरायचं आणि तुळयांवर ओळीनं बसलेली कबुतरं एकदम उडायची, पुन्हा तिथेच येऊन बसायची. अल्बमच्या शेवटी 'पिजन' नावाचं गाणं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याच पुलाखाली होते. ही माणसं मला दिसतंय तेच सांगतायत, आणि ज्या पक्ष्याकडे या शहरात कुणी बघतसुद्धा नाही त्याच्याबद्दल सांगतायत, हे कळल्यावर मी जागच्या जागी थांबले होते. हातमोजा काढून गाणं मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं. बोटं बधिर झाली होती.

आता सांगा, २०१५ चा कुठला अल्बम याच्याशी स्पर्धा करणार? तो अल्बम वाईट होता म्हणून नव्हे. २०१५ मध्ये मी विशीत नव्हते, तो पूल रोजचा नव्हता. रात्रपाळी म्हणतात ते मला इथे पटतं. समीक्षकांपैकीही अनेकांच्या मनात असा एखादा पूल असणार. पण लिहिताना त्यांनी तो कबूल करायला हवा होता. 'बीट्स कमकुवत आहेत' आणि 'माझी आठवण मोठी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

रात्रपाळी

मुक्ताताई, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

अर्धाताल

मी थोडंफार बीट बनवतो, म्हणून त्या बाजूनं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

एल-पी त्या काळात एन्सॉनिकचा ईपीएस-१६ प्लस हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र, वापरायचा. त्या पिढीच्या यंत्रांत मेमरी तुटपुंजी. शेजारचंच उदाहरण द्यायचं तर ई-म्यूच्या एसपी-१२०० मध्ये सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून लोक ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर वाजवून आवाज आत घ्यायचे आणि मग यंत्रात तो खाली उतरवायचे. दहा सेकंदांत जास्त माल बसतो, पण खाली उतरवताना आवाजाला एक खरखर येते, कडा झिजतात. त्या काळच्या न्यूयॉर्कच्या हिप-हॉपला जो धुरकट रंग आहे त्यातला काही भाग निव्वळ या अडचणीतून आला. यंत्र तुम्हाला निवड करायला लावायचं. चार आवाज ठेवा, बाकीचे सोडा.

२०१५ पर्यंत संगणकावर हवे तेवढे थर चढवता येत होते. जुनीकॅसेटना 'श्वास घ्यायला जागा नाही' असं जे वाटलं ते त्या थरांमुळे असावं, आणि ते निरीक्षण बरोबर आहे. पण बिल कॉस्मिकला एल-पीची नक्कल करायचीच नव्हती, हेही ऐकू येतं. 'द कोल्ड व्हेन' गोठलेल्या रस्त्यावर उभा आहे. 'रोनिन' वर आकाशात बघतो. 'द पॉवर कॉस्मिक' हे गाण्याचं नाव घ्या. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये सिल्व्हर सर्फरला जी शक्ती मिळते तिचं हे नाव, आणि प्रोड्यूसरच्या नावाशी जुळणारा श्लेषही. म्हणजे मोठं, भरलेलं, अंतराळातलं काहीतरी करायचं हे ठरवून केलेलं आहे. ते साधलं नाही असं म्हणणं मला मान्य. 'एल-पीसारखं झालं नाही' हे मान्य नाही, कारण तो प्रयत्नच नव्हता.

मिक्सबद्दल, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवण्याबद्दल, मात्र माझी खरी तक्रार आहे. व्हॉर्डल मुळात शब्द चावत, पटापट, एकात एक गुंतवून बोलतो. त्याच्या आवाजाच्याच पट्ट्यात हॉर्न भरले की त्याची निम्मी कारागिरी झाकली जाते. माझा हेडफोन मध्यंतरी एका बाजूनं बंद पडला होता. तशाच एका कानानं ऐकताना व्हॉर्डलच्या दोन ओळी पहिल्यांदा स्पष्ट लागल्या, तेव्हा हे लक्षात आलं.

ओलीशाई

मी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही, तरी धागा शेवटपर्यंत वाचला. एक बाळबोध प्रश्न. 'एकात एक गुंतवून' म्हणजे काय? रॅपमध्ये ओळीच्या शेवटी यमक जुळवतात एवढंच मला माहीत आहे.

जुनीकॅसेट

@ओलीशाई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. शेवटी जुळणारं यमक ही पहिली पायरी. चांगला रॅपर ओळीच्या पोटातही जुळवतो. तिसरा शब्द सहाव्याशी, त्यातलं एक अक्षर पुढच्या ओळीच्या दुसऱ्या शब्दाशी, आणि हे सगळं ठेक्यावर किंवा मुद्दाम ठेक्याच्या किंचित मागे. आपल्याकडे मोरोपंतांच्या आर्या वाचताना जीभ जशी अडकते आणि अडकण्यातच मजा येते, तसं काहीसं.

या दोघांची जोडी जमते तीही त्यामुळेच. व्हास्ट सावकाश बोलतो, ओळ टाकून थांबतो, ती तुमच्यात मुरू देतो. व्हॉर्डल थांबतच नाही. एकानं दार उघडायचं, दुसऱ्यानं घरभर पळायचं.

तिसरीघंटा

अवांतर: मोरोपंत एखाद्या रॅप बॅटलमध्ये उतरले असते तर समोरचा माईक ठेवून घरी गेला असता.

पानगळ

तिसरीघंटा, सवाल-जवाबाच्या फडात वाढलेला कुणी त्याआधीच दोघांना घरी पाठवता. पण धागा भरकटतोय, पुढे चला.

बेरीजवजाबाकी

'संमिश्र' या शब्दाबद्दलच बोलायचं आहे, कारण सगळे तो गृहीत धरून चाललेत.

मेटाक्रिटिक या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या प्रकाशनांचे गुण शंभरच्या मापात बसवतात आणि भारित सरासरी काढतात, म्हणजे काही प्रकाशनांचं वजन जास्त. संगीतात साधारण ६१ ते ८० म्हणजे अनुकूल, ४० ते ६० म्हणजे संमिश्र. गोम अशी की सहा जणांनी प्रत्येकी ६० दिले तरी सरासरी ६०, आणि तिघांनी ९० व तिघांनी ३० दिले तरी ६०च. पहिला अल्बम कुणालाच हलवू शकलेला नाही. दुसऱ्यानं तिघांना वेड लावलंय आणि तिघांना चीड आणलीय. दोन्हीवर शिक्का मात्र एकच.

भर म्हणून समीक्षकाची पट्टीही वेगवेगळी. पिचफर्क हे संगीताचं संकेतस्थळ दशांशात गुण देतं. 'द सोर्स' मासिक ताऱ्यांसारखे माईक द्यायचं, पाचपैकी. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ शाळेसारख्या श्रेणी द्यायचे. 'बी' या श्रेणीचे शंभरात किती गुण हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवणार, आणि आपण त्या आकड्यावरून अल्बम ऐकायचा की नाही ते ठरवणार.

रात्रपाळी

हे फार महत्त्वाचं. 'रोनिन'च्या बाबतीत मला वाटतं पहिलाच प्रकार झाला. फार कुणी चिडलं नाही, फार कुणी भारावलं नाही. सगळ्यांनी एक उसासा टाकला. अंडरग्राउंड अल्बमसाठी हा उसासा शिवीपेक्षा वाईट असतो. शिवी वाचून चार जण तरी ऐकायला येतात.

सुईखाली

वेळ हा मुद्दा अजून कुणी काढलेला नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एल-पी आणि किलर माईकचा 'रन द ज्युएल्स २' आला. फुकट डाउनलोडला ठेवलेला. वर्ष संपताना पिचफर्कनं तो वर्षातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम म्हणून निवडला. म्हणजे मार्च २०१५ मध्ये 'रोनिन' हाती आला तेव्हा प्रत्येक समीक्षकाच्या कानात एल-पी ताजा होता, आणि तोही ऐन भरात. त्यानंतर दोनच आठवड्यांत केंड्रिक लामारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' आला. मग हिप-हॉपवर लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे लिहायला तेवढा एकच विषय उरला. 'रोनिन'कडे परत वळून बघायला सवड कुणाला होती?

१९९० च्या दशकातली एक गोष्ट यावरून आठवते. रॅपर नासचा दुसरा अल्बम 'इट वॉज रिटन' १९९६ मध्ये आला, बिलबोर्डवर पहिला गेला, पण त्याच्या पहिल्या 'इलमॅटिक'च्या सावलीत त्याचं परीक्षण झालं आणि बरीच नाकं मुरडली गेली. आज तेच लोक त्याला उत्तम म्हणतात. त्याला वीस वर्षं मिळाली, कारण नास मोठा होता आणि लोक त्या अल्बमकडे परत परत येत राहिले. कॅनिबल ऑक्सकडे परत येणारे आपण हे आठ-दहा जण.

पानगळ

सुईखालींना +१. आणि शीर्षकाकडे बघा ना! रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. ज्याच्या छत्राखाली लढायचं तो उरलेला नाही, तलवार मात्र हातात आहे. डेफिनिटिव्ह जक्सनं २०१० मध्येच नवं काम थांबवलेलं. लेबल नाही, एल-पी नाही. या दोघांनी हे सगळं नावातच सांगून टाकलंय. टीका काय होणार हे ओळखून त्यांनी ती कपाळावर लिहून घेतली होती. मला हे धाडसाचं वाटतं.

जुनीकॅसेट

पानगळ, शीर्षकाचं स्पष्टीकरण सुंदर आहे. मी हे कधी जोडून बघितलं नव्हतं. तरी शीर्षक चांगलं असल्यानं गाणं चांगलं होत नाही.

कोरडीविहीर

एवढी चर्चा, पण ऐकायचं काय ते एकानंही सांगितलं नाही. तीन गाणी सांगा.

रात्रपाळी

'आयर्न रोझ', 'हार्लेम नाइट्स', 'ऑपोझिट ऑफ डेसोलेट'. याच क्रमानं.

मुक्ता क

'आयर्न रोझ'मध्ये डूम आहे. २०१५ मध्ये ते गाणं मी 'वा, डूमसुद्धा!' एवढ्यावर सोडून दिलं होतं. २०२० च्या ३१ डिसेंबरला कळलं की तो दोन महिन्यांपूर्वीच, ३१ ऑक्टोबरला गेला. त्यानंतर त्याचा आवाज जिथे जिथे पाहुणा म्हणून आलाय ती गाणी मी शोधून ऐकली. हे त्यातलंच एक. त्या जाड, सावकाश, जरा झोपाळू आवाजात तो ओळी टाकत जातो आणि शेवटी निघून जातो. आता मला तिथे गाणं थांबवावंच लागतं. पुढचं लगेच ऐकता येत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? दहा वर्षांनी अल्बम बदलतो, त्यात त्याचा दोष नाही.

निमशब्द

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी स्वतः रॅप लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एक छोटा अल्बम केला. एका ठिकाणी त्यावर दहा-बारा ओळी छापून आल्या. त्यात उल्लेख फक्त पहिल्या दोन गाण्यांचे, आणि शेवटी वाक्य: 'विषयांत वैविध्य नाही.' तिसऱ्या गाण्यापासून विषय बदलत होता. पाचवं गाणं माझ्या आजीच्या हातावरच्या गोंदणावर होतं. ते लिहायला मला पाच महिने लागले. परीक्षणाचा राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की वाईट म्हणायचं तर पाचवं गाणं ऐकून वाईट म्हणा. मी ऐकून घेईन.

या प्रकारात शब्द दाट असतात. एका ओळीत तीन अर्थ असले तर तिसरा अर्थ आठव्या ऐकण्यात सापडतो. आणि परीक्षण बहुतेकदा अल्बम आल्याच्या आठवड्यातच छापून यायला हवं असतं. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर रात्री उशिरा स्ट्रेच आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम लागायचा. एखादं नवं गाणं आवडलं की ते पुन्हा पुन्हा लावायचे, ऐकणारे ते टेप करून एकमेकांना द्यायचे. अंडरग्राउंडमधली नावं अशी महिनोन्‌महिने ऐकून पक्की झाली. आकड्यात गुण देणारा माणूस त्या साखळीत नव्हताच.

अर्धाताल

निमशब्द, तुमचं पाचवं गाणं ऐकायला आवडेल. जमल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिसरीघंटा

मलाही. आणि आता विनोद नाही करत.

जुनीकॅसेट

काल रात्री मुद्दाम दिवे बंद करून 'रोनिन' पुन्हा पूर्ण ऐकला. इथे इतक्या लोकांनी मनापासून लिहिलं म्हणून ऐकला, नाहीतर मी परत गेलो नसतो.

आधी जे कबूल करायचं ते. व्हास्टच्या लिखाणाला मी तेव्हा न्याय दिला नव्हता. 'द कोल्ड व्हेन'मधला व्हास्ट तरुण आहे, त्याला तुम्हाला चकित करायचं आहे. इथला व्हास्ट थकलेला आहे आणि ते लपवत नाही. मला तो थकवा आळस वाटला होता. माझंही वय वाढलं, आता फरक कळतो. व्हॉर्डलबद्दल अर्धातालशी शंभर टक्के सहमत. मी तर त्याच्या ओळी थांबवून थांबवून कागदावर उतरवल्या. कागदावर तो कुठेच कमी पडत नाही.

जे कबूल करणार नाही ते: अल्बम लांब आहे. मधल्या भागात चार गाणी काढली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पाहुण्यांबद्दलचं मतही कायम. आणि बीट... 'द कोल्ड व्हेन'चं नाव विसरून ऐकलं तरी काही बीट मला सपाटच वाटतात. तेव्हा दहापैकी सहा दिले असते, आज सात. रात्रपाळी, एक गुण तुमचा.

रात्रपाळी

एका गुणासाठी एवढं जागलात, यातच मी खूश. लांबीबद्दल मीही वाद घालणार नाही. मधली गाणी मी स्वतः कामाच्या गडबडीत ऐकतो आणि 'हार्लेम नाइट्स' आलं की हातातलं काम थांबवतो, हे खरंच आहे.

माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे. 'द कोल्ड व्हेन' अजिबात न ऐकलेल्या माणसानं आधी 'रोनिन' ऐकला तर तो काय म्हणेल? असा माणूस शोधायचा कुठे?

ओलीशाई

इथेच आहे की मी! कोरडीविहीर यांनी तीन गाणी मागितली त्याच रात्री आधी पूर्ण 'रोनिन' ऐकला, मग तीन दिवसांनी 'द कोल्ड व्हेन'. धागा वाचलेला होता, त्यामुळे कान अगदी कोरे नव्हते, पण त्यातल्या त्यात कोरे धरा.

'रोनिन' ऐकताना पहिली अर्धीअधिक गाणी मला जोरकस वाटली. हॉर्नचा त्रास झाला नाही, उलट अंगात चढले. मधे कंटाळा आला, तेव्हा जुनीकॅसेट यांची आठवण झाली. कोण पाहुणा आणि कोण घरचा ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. व्हॉर्डलचा आवाज मात्र लगेच ओळखू यायला लागला. शब्द अर्धेही कळले नाहीत, तरी तो आला की मी सरसावून बसत होते.

'द कोल्ड व्हेन' पहिल्यांदा मला आवडलाच नाही. फार थंड, फार कडक. यात एवढं काय आहे असं वाटलं. काल संध्याकाळी 'पिजन' दुसऱ्यांदा लावलं आणि मुक्ताताईंचा पूल डोळ्यासमोर आला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा खिडकीवर दोन कबुतरं होती. रोज मी त्यांना हाकलते. काल तशीच बसू दिली.

आता पुन्हा 'रोनिन'कडे जायचं आहे. कुठून सुरू करू?

जुनीकॅसेट

@ओलीशाई, 'आयर्न रोझ'पासून. आणि हेडफोनची एक बाजू काढून.